प्रांतिक संघ आणि वऱ्हाड : विदर्भाच्या क्रिकेट-इतिहासातील एक प्रकरण

भारतातील प्रांतवार क्रिकेटची रचना इंग्लंडमधील काउंटी क्रिकेटच्या नमुन्यावर उभी राहिली आणि ज्या करंडकासाठी हे प्रांत नव्वद वर्षांहून अधिक काळ एकमेकांशी खेळत आले आहेत त्यालाही एका काउंटी खेळाडूचेच नाव मिळाले, ही गोष्ट विदर्भाच्या क्रिकेटचा इतिहास पाहताना प्रथम ध्यानात घ्यावी लागते. काउंटी हा इंग्लंडमधील जुना प्रशासकीय विभाग होय. विस्ताराने तो आपल्या जिल्ह्याच्या जवळपास जात असला तरी लोकांच्या मनातील त्याचे स्थान वऱ्हाड, खानदेश किंवा कोकण या आपल्याकडील प्रदेशनामांशी अधिक जुळते. ससेक्स काउंटीचा क्रिकेट क्लब १८३९ मध्ये स्थापन झाला, काउंट्यांमधील अजिंक्यपदाची अधिकृत स्पर्धा १८९० पासून सुरू झाली आणि पुढे नवानगरचे जामसाहेब झालेले रणजितसिंहजी १८९५ पासून याच ससेक्सकडून खेळू लागले. १८९९ ते १९०३ या काळात ते त्या संघाचे कर्णधार होते आणि एका इंग्लिश हंगामात तीन हजारांहून अधिक धावा करण्याचा पहिला मान १८९९ मध्ये त्यांनीच मिळवला. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी भारतात जी प्रांतिक स्पर्धा सुरू झाली तिच्या करंडकाला त्यांचे नाव देण्यात आले. पुढे १९६१-६२ मध्ये विभागीय संघांची दुलीप करंडक स्पर्धा सुरू झाली, तिलाही नाव मिळाले ते त्यांचे पुतणे आणि ससेक्सचेच फलंदाज दुलीपसिंहजी यांचे.

नमुन्याबरोबर एक जुना प्रश्नही भारतात आला. खेळाडू कोणत्या प्रदेशाचा मानायचा, हा तो प्रश्न होय. इंग्लंडमध्ये १८७३ साली असा नियम ठरला की एका हंगामात खेळाडूने एकाच काउंटीकडून खेळावे आणि ती काउंटी एकतर त्याच्या जन्माची असावी किंवा दीर्घ वास्तव्याची. यॉर्कशायरने तर आपल्या हद्दीत जन्मलेल्यांनाच संघात घेण्याचा रिवाज शतकभर पाळला. १९६८ पासून इतर काउंट्यांनी परदेशी खेळाडूंना मोकळेपणाने करारबद्ध करण्यास आरंभ केल्यावरही यॉर्कशायरने तो सोडला नाही आणि अखेर १९९२ मध्ये तो मोडला तेव्हा त्या संघाचा पहिला परदेशी खेळाडू ठरला मुंबईचा एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. संघाचे नाव आणि सरकारी नकाशा यांचे नाते किती सैल असू शकते हेही इंग्लंडमध्येच दिसते, कारण मिडलसेक्स ही काउंटी प्रशासकीय घटक म्हणून १९६५ मध्ये बृहन्लंडनमध्ये विलीन झाली, परंतु तिचा क्रिकेट संघ मात्र लॉर्ड्सच्या मैदानावर आजही त्याच नावाने खेळतो.

वऱ्हाडच्या बाबतीत नकाशा यापेक्षाही अधिक वेळा बदलला. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या जिल्ह्यांचा हा कापूसपट्टा १८५३ मध्ये निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला, १९०२ च्या करारानुसार कायम भाडेपट्ट्याने ब्रिटिशांकडे राहिला आणि त्यानंतर मध्यप्रांताला जोडला गेला. या जोडणीतून मध्यप्रांत व वऱ्हाड हा जो प्रांत तयार झाला त्याच्या नावाचा संघ रणजी करंडक स्पर्धेच्या प्रारंभीच्या वर्षांपासून मैदानात उतरत असे. स्वातंत्र्यानंतर प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. पाठोपाठ १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ हा स्वतंत्र संघ रणजी स्पर्धेत खेळू लागला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यानंतरही क्रिकेटमधील हे वेगळेपण टिकले. म्हणून आज एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ आहेत आणि दुलीप करंडकासाठी मुंबई व पुण्याचे खेळाडू पश्चिम विभागात मोडत असताना अकोल्याचा खेळाडू मध्य विभागात मोडतो. स्वतंत्र विदर्भ राज्याची मागणी राजकारणात अनेकदा पुढे आली आणि मागे पडली. क्रिकेटच्या गुणफलकावर मात्र विदर्भ १९५७ पासून स्वतंत्रच आहे.

मध्यप्रांत व वऱ्हाडच्या संघाला फारसे यश मिळाले नाही आणि त्याचे कारण खेळाडूंच्या अभावापेक्षा आश्रयाच्या अभावात शोधावे लागते. १९३० ते १९५० या दशकांत भारतीय क्रिकेट मुख्यतः संस्थानिकांच्या पदरी होते. खेळाडूला दरबारात किंवा सैन्यात पद, पगार आणि निवास देऊन संस्थाने आपले संघ बांधत असत. नागपूर व वऱ्हाड हा थेट ब्रिटिश अमलाखालील मुलूख असल्यामुळे येथे असा दरबार नव्हता, तर मुंबईसारखी मोठ्या पेढ्यांची आणि जिमखान्यांची व्यवस्थाही नव्हती. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कर्नल सी. के. नायडू. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मलेले आणि तेथेच वाढलेले नायडू १९२६ च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी.च्या पाहुण्या संघाविरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा करून देशभर गाजले आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात कर्णधार झाले, परंतु तोपर्यंत इंदूरच्या होळकरांच्या आश्रयाने ते त्या शहराचे झाले होते. होळकर संघाने १९४१ ते १९५५ या चौदा हंगामांत चार वेळा रणजी करंडक जिंकला, आणि त्या यशाचा एक मोठा शिल्पकार नागपूरचा होता. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात एजबॅस्टन येथे वॉरविकशायरविरुद्ध नायडूंनी मारलेला एक षटकार मैदानालगतच्या री नदीपलीकडे गेला असे सांगितले जाते. ती नदी तेव्हा वॉरविकशायर आणि वूस्टरशायर यांची सीमा मानली जात असल्यामुळे चेंडू एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत पडला, अशी ही आख्यायिका आहे.

कारकिर्दीच्या आरंभी मध्यप्रांत व वऱ्हाडकडून खेळलेले चंदू सरवटे हेही पुढे होळकर संघातच नावारूपाला आले. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हलवर सरे काउंटीविरुद्ध सरवटे (नाबाद १२४) आणि शुटे बॅनर्जी (१२१) यांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भागीदारी केली. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर येऊन दोघांनीही शतके झळकवण्याचा हा प्रकार प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये, म्हणजे किमान तीन दिवस चालणाऱ्या आणि प्रत्येक संघाला दोन डाव मिळणाऱ्या सामन्यांत, अपूर्वच होता.

याच काळात वऱ्हाडातील खेळाचे वैभव वेगळ्या आखाड्यात उभे राहत होते. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायामशाळेतून पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही अखिल भारतीय कीर्तीची संस्था वाढली आणि कुस्ती, मल्लखांब, लेझीम, कबड्डी या खेळांचे शास्त्रशुद्ध शिक्षण तेथे मिळू लागले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने या मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. वऱ्हाडी समाजाचा ओढा आणि दानशूरांचा पैसा व्यायामशाळेकडे जात होता, आणि राष्ट्रीय चळवळीच्या त्या दिवसांत साहेबाच्या खेळापेक्षा मल्लखांब अधिक आपला वाटणे स्वाभाविकही होते. क्रिकेट त्या मानाने महाविद्यालयांच्या, वकिलांच्या क्लबांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या परिघात राहिले. अमरावतीचे १९२३ मध्ये सुरू झालेले किंग एडवर्ड महाविद्यालय, म्हणजे पुढचे विदर्भ महाविद्यालय, हे या परिघातील एक महत्त्वाचे ठिकाण होते.

जमिनीचाही येथे विचार करावा लागतो. वऱ्हाडची काळी कसदार माती कपाशीला मानवते, पण खेळपट्टीला ती सहज वश होत नाही. पावसाळ्यात ती पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि रोज पाणी देऊन व रोलर फिरवून दाबल्याशिवाय तिच्यावर चेंडू समान उंचीने उसळत नाही. गवताची, म्हणजे टर्फची, खेळपट्टी सांभाळण्यास लागणारे पाणी, माळी आणि पैसा लहान शहरांतील क्लबांना परवडत नसल्यामुळे काथ्याची चटई अंथरून तिच्यावर खेळण्याची, म्हणजे मॅटिंगवरची, पद्धत भारतातील अनेक लहान गावांप्रमाणे येथेही रूढ होती. चटईवर चेंडू उंच उसळतो आणि फिरकीही अधिक घेतो, त्यामुळे तिच्यावर घडलेल्या फलंदाजाला टर्फवर पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. नागपूरला निवड चाचणीसाठी जाणाऱ्या जिल्ह्यातील मुलांची अडचण अंतराएवढीच या सवयीतही होती.

वऱ्हाडात जन्मलेल्या कसोटीपटूचे नाव शोधू गेल्यास ते विदर्भाच्या नव्हे तर महाराष्ट्राच्या संघात सापडते. हेमंत कानिटकर यांचा जन्म ८ डिसेंबर १९४२ रोजी अमरावतीला झाला, परंतु त्यांचे सारे प्रांतिक क्रिकेट पुणे हे मुख्य ठाणे असलेल्या महाराष्ट्र संघाकडून झाले. यष्टिरक्षक-फलंदाज असलेल्या कानिटकरांनी १९६३-६४ मध्ये प्रथम श्रेणी पदार्पणातच सौराष्ट्राविरुद्ध नाबाद १५१ धावा केल्या आणि १९७०-७१ च्या हंगामात, ज्या वर्षी महाराष्ट्र रणजी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, राजस्थानविरुद्ध २५० धावांची खेळी केली. नोव्हेंबर १९७४ मध्ये बंगळुरूला वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले आणि पहिल्या डावात ६५ धावा काढल्या. गॉर्डन ग्रीनिज आणि व्हिव्हियन रिचर्ड्स यांचीही ती पहिलीच कसोटी होती, पण त्या दोघांची कारकीर्द तेथून दीर्घकाळ बहरत गेली आणि कानिटकरांना मात्र आणखी एकच कसोटी मिळाली. त्यांचे चिरंजीव हृषीकेश यांनीही भारताकडून कसोटी क्रिकेट खेळले. यॉर्कशायरचा जुना रिवाज लावला तर हेमंत कानिटकर विदर्भाचे ठरले असते. वास्तव्याचा नियम लावला तर ते पुण्याचे, आणि पुण्याचा हक्क अधिक खरा आहे हे अमरावतीकरांनीही मान्य करावे. खेळाडू जन्माला येणे आणि खेळाडू घडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि विदर्भाच्या क्रिकेटने पहिल्या पन्नास वर्षांत दुसऱ्या गोष्टीची व्यवस्था वऱ्हाडात फारशी उभी केली नाही, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही.

व्यवस्था होती ती नागपुरात. सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर ऑक्टोबर १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी झाली आणि ती भारताने १६७ धावांनी गमावली. त्याच मैदानावर ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकातील सामन्यात न्यूझीलंडविरुद्धच चेतन शर्मा यांनी विश्वचषकाच्या इतिहासातील पहिली हॅट्ट्रिक घेतली आणि सुनील गावसकर यांनी एकदिवसीय क्रिकेटमधील आपले एकमेव शतक झळकवले. तो विश्वचषक इंग्लंडबाहेर आणण्यात ज्यांचा पुढाकार होता ते एन. के. पी. साळवे विदर्भ क्रिकेट संघटनेचेच धुरीण होते, तर पुढे शशांक मनोहर यांनी भारतीय मंडळाचे आणि नंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. प्रशासनात असा दबदबा असताना संघ मात्र मध्य विभागात तळाशी रेंगाळत होता, आणि २००२-०३ पासून रणजी स्पर्धेची एलिट व प्लेट अशी दोन स्तरांत विभागणी झाल्यावर विदर्भाचा बराच काळ खालच्या प्लेट गटात गेला. विदर्भाकडून खेळत कसोटी संघात पोहोचलेला पहिला खेळाडू म्हणजे खापरखेड्याजवळच्या वलनीतील कोळसा खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव, आणि हे घडायला नोव्हेंबर २०११ उजाडावा लागला.

बदल घडला तो दोन बाजूंनी. एकीकडे निवासी अकादमी आणि वयोगटांचे संघ यांतून जिल्ह्याजिल्ह्यातील मुले लहान वयात संघटनेच्या नजरेत येऊ लागली. दुसरीकडे बाहेरच्या प्रांतांतील अनुभवी खेळाडूंना पाहुणे व्यावसायिक म्हणून बोलावण्याचे धोरण सातत्याने राबवले गेले. कर्नाटकचे गणेश सतीश आणि २०१५-१६ पासून मुंबईचे वसीम जाफर या धोरणातून आले आणि २०१७-१८ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले. त्या हंगामात फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने प्रथमच उपांत्य फेरी गाठली, कोलकात्यात कर्नाटकला पाच धावांनी हरवले आणि इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीला नऊ गडी राखून नमवत १ जानेवारी २०१८ रोजी रणजी करंडक जिंकला. विजयी चौकार जाफरने मारला, रजनीश गुरबानीने अंतिम सामन्यात हॅट्ट्रिकसह एका डावात सहा बळी घेतले आणि यष्टिरक्षक अक्षय वाडकरने पहिले प्रथम श्रेणी शतक केले. ज्या होळकरांच्या इंदूरने नायडूंना नागपुरातून नेले होते, तेथेच साठ हंगामांनंतर विदर्भाला करंडक मिळाला.

याच अंतिम सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरेने प्रथम श्रेणी पदार्पण केले. एकोणीस वर्षांच्या वेगवान गोलंदाजाला रणजीच्या अंतिम सामन्यात पहिली संधी देणे हा निर्णय धाडसाचा होता, आणि त्यानंतर काही दिवसांतच जायबंदी झालेल्या ईशान पोरेलच्या जागी पर्याय म्हणून त्याला न्यूझीलंडमधील एकोणीस वर्षांखालील विश्वचषकासाठी बोलावणे आले. त्याच जानेवारीत अकोल्याचाच डावखुरा सलामीवीर अथर्व तायडे याने कूचबिहार करंडकाच्या, म्हणजे एकोणीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात मध्यप्रदेशविरुद्ध ३२० धावा करून विदर्भाला ते अजिंक्यपदही मिळवून दिले. नागपूरच्या कसोटी केंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या एका शहरातून महिन्याभराच्या आत रणजी पदार्पण आणि अंतिम सामन्यातील त्रिशतक अशा दोन नोंदी व्हाव्यात, ही वऱ्हाडच्या दृष्टीने करंडकाइतकीच महत्त्वाची घटना होती.

पुढच्या हंगामात विदर्भाने सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून रणजी करंडक राखला, त्यात डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे याने सामन्यात अकरा बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत स्वस्तात बाद केले. २०२३-२४ मध्ये अंतिम सामन्यात विदर्भ मुंबईकडून हरला. २०२४-२५ मध्ये मात्र नागपूरजवळील जामठा येथे केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. अंतिम सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात पुढे असलेल्या संघाला करंडक मिळतो, या नियमाचा तो लाभ होता. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला. रणजी विजेता आणि उर्वरित भारताचा संघ यांच्यात होणाऱ्या इराणी करंडकाच्या सामन्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये तायडेने पहिल्या डावात १४३ धावा केल्या, विदर्भाने सामना ९३ धावांनी जिंकला आणि इराणी करंडक खेळण्याच्या तिन्ही संधी साधल्या.

अमरावतीची वाट अकोल्यापेक्षा वेगळी राहिली. २२ ऑक्टोबर १९९३ रोजी अमरावतीत जन्मलेला यष्टिरक्षक जितेश शर्मा २०१४ पासून विदर्भाकडून मर्यादित षटकांचे सामने खेळत होता, पण रणजी संघात वाडकरने यष्टिरक्षण आणि फलंदाजी दोन्ही भक्कम सांभाळल्यामुळे त्याची ओळख शेवटच्या काही षटकांत फटकेबाजी करणारा फलंदाज म्हणूनच घडली. आयपीएलमध्ये पंजाबकडून २०२२ मध्ये पदार्पण, ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत भारताकडून पहिला टी-ट्वेंटी सामना आणि सुवर्णपदक, आणि मे २०२५ मध्ये बंगळुरूचे नेतृत्व करताना लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५, असा त्याचा प्रवास झाला; त्या वर्षीचे आयपीएल विजेतेपद बंगळुरूला मिळाले. अमरावतीच्याच भारती फुलमाळीने मार्च २०१९ मध्ये गुवाहाटीला इंग्लंडविरुद्ध भारतीय महिला संघात पदार्पण केले आणि महिला प्रीमियर लीगमध्ये ती गुजरातकडून खेळते. दोघांचेही नाव वीस षटकांच्या खेळात झाले, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे, कारण चार दिवसांचा प्रांतिक संघ अकरा जणांपुरताच असतो आणि त्यात जागा न मिळणाऱ्यांसाठी पूर्वी दुसरा रस्ताच नव्हता.

काउंटी क्रिकेटशी विदर्भाचा संबंध आता नमुन्यापुरता उरलेला नाही. उमेश यादव २०२२ मध्ये मिडलसेक्सकडून आणि २०२३ मध्ये एसेक्सकडून खेळला. २०२३-२४ पासून विदर्भाकडून खेळू लागलेला कर्नाटकचा करुण नायर नॉर्दम्प्टनशायरमध्ये धावा करून आला आणि २०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात त्याने ८६ आणि १३५ अशा खेळ्या केल्या. विदर्भाच्या त्याच संघातील सलामीवीर ध्रुव शोरी याने २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून विदर्भाविरुद्ध १४५ धावा केल्या होत्या. नायर पुढच्याच हंगामात कर्नाटकला परतला आणि जितेश शर्मा २०२५-२६ साठी मूळ संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन बडोद्याकडे गेला. १८७३ च्या नियमातील जन्म आणि वास्तव्य या दोन अटींच्या शेजारी आता अंतिम अकरांतील जागा ही तिसरी, न लिहिलेली अट येऊन बसली आहे, आणि अमरावतीहून बडोद्याला गेलेल्या जितेशच्या बदलीत तीच निर्णायक ठरली असावी असे दिसते.